तिथी विचारायची राहिली

आमच्या आबांचा जन्म १९४८ सालचा. त्याच वर्षी १ जूनला पुणे ते नगर अशी पहिली एसटी धावली, आणि या योगायोगाचा आबांनी आयुष्यभर इतका लाभ उठवला, की "एसटी ही माझी जुळी बहीण" हे वाक्य ऐकल्याशिवाय आमच्या घरून एकही पाहुणा चहा पिऊन गेला नसेल. ते एसटीत कंडक्टर होते. नोकरीची पहिली काही वर्षे दापोली आगारात, मुक्कामी गाड्यांवर गेली. पुढे पुण्याला बदली झाली आणि २००६ साली तिथूनच ते निवृत्त झाले. गणपती, दिवाळी, मे महिना हे इतरांच्या सुट्टीचे दिवस म्हणजे त्यांच्या जादा गाड्यांचे दिवस. त्यामुळे दिवाळीच्या चार दिवसांत वडील घरी आहेत, असे दृश्य मी लहानपणी पाहिल्याचे आठवत नाही. त्याची भरपाई म्हणून दिवाळीची गर्दी ओसरली, की त्रिपुरी पौर्णिमेला ते आम्हा सर्वांना कोकणात नेत. हा नेम निवृत्तीनंतर सुना-नातवंडे आल्यावरही मोडला नाही.

या सहलीला तिकीट लागे. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून आबा रात्री जागून प्रत्येकाचे तिकीट तयार करत. 'हरिहरेश्वर ते हेदवी, अर्धे, भाडे : एक गाणे' किंवा 'पूर्ण, भाडे : भावाशी दोन तास न भांडणे' असा मजकूर त्यावर असे आणि गाडी निघताना चिमट्याने टक्‌कन भोक पाडून ते हातात मिळे. हा चिमटा त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून विकत घेतला होता. नोकरीतला चिमटा निवृत्तीच्या दिवशी आगारात जमा केला, हेही ते आवर्जून सांगत, कारण अशा बाबतींत हा थट्टेखोर माणूस कमालीचा काटेकोर होता.

गेल्या वर्षी पौषात आबा गेले. यंदा वर्षश्राद्ध झाल्यावर आई आपणहून म्हणाली, "एकदा त्या वाटेने जाऊन येऊ." प्रजासत्ताकदिन सोमवारी येत होता, पुढे दोन दिवसांची रजा टाकली की पाच दिवस मिळत होते. मी तारखा ठरवल्या, खोल्या सांगून ठेवल्या आणि आईला कळवले. तिने फक्त "बरं" म्हटले. त्या 'बरं'चा अर्थ मला हरिहरेश्वरला कळला.

पहिला दिवस, शनिवार, २४ जानेवारी : पुणे ते हरिहरेश्वर

आई, ताई, मी, पत्नी आणि दोन मुले असे सहा जण सकाळी नऊला निघालो. मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा हा रस्ता आता परिचयाचा झाला आहे, त्याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. पेट्रोल माणगावात भरून घ्यावे आणि रोख पैसेही तिथेच काढून ठेवावेत, एवढी सूचना पुरे. घाटात गाडी विलक्षण शांत होती. प्रत्येक गावाच्या पाटीपाशी "उतरणारं आहे का कुणी? दाराशी थांबू नका, मागे जागा आहे!" अशी हाळी देणारा माणूस नसल्याची जाणीव सर्वांना होत होती आणि कोणी तसे बोलून दाखवत नव्हते. शेवटी माणगावच्या अलीकडे आठ वर्षांच्या धाकट्याने ती हाळी दिली, पण त्याचा आवाज मध्येच चिरकला आणि सगळे हसले.

आम्ही ज्यांच्या वाडीत उतरतो ते गृहस्थ आबांच्या ओळखीचे. त्यांनी संध्याकाळी आमच्यासाठी पोपटी लावली होती. नोव्हेंबरात येणाऱ्या आम्हा लोकांना हा प्रकार नुसता ऐकून ठाऊक होता, कारण पोपटी लागते ती वालाच्या शेंगा भरल्यावर, थंडीत. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मधूनमधून बटाटे आणि कांदे, पुन्हा वर पाला गच्च दाबायचा. पाण्याचा थेंबही नाही. मग मडके जमिनीवर उपडे घालून भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवायचे. अर्ध्या तासाने यजमानांनी तापल्या मडक्यावर पाणी शिंपडले, चर्र आवाज आला, तेव्हा ते म्हणाले, "झाली." भांबुर्डीचा तो उग्र, किंचित कडवट वास शेंगेच्या प्रत्येक दाण्यात उतरलेला होता. केळीच्या पानावर ओतलेल्या त्या वाफाळत्या ढिगाभोवती बसून आम्ही बोटे भाजून घेत खाल्ले.

यजमानांनी एक जुनी गोष्ट सांगितली. एका वर्षी त्यांच्याकडे दोन मोठी कुटुंबे उतरली असताना न्हाणीघर एकच होते आणि सकाळी रांगेवरून भांडण जुंपले. आबांनी दारात खुर्ची टाकून सर्वांना क्रमांकाची तिकिटे वाटली, "सुट्टे पैसे तयार ठेवा" म्हणून दरडावले आणि साबण विसरलेल्याला रांगेच्या शेवटी पाठवले. दोन्ही कुटुंबे पुढे एकमेकांच्या घरच्या लग्नांना गेली म्हणे.

दुसरा दिवस, रविवार : रथसप्तमी आणि चुकलेली वेळ

पहाटे अंगणात धूर दिसला म्हणून बाहेर आलो. यजमानांच्या मातोश्रींनी तुळशीपुढे गोवऱ्यांचा विस्तव करून मातीच्या बोळक्यांत दूध तापत ठेवले होते. पूर्वेला तांबडे फुटण्याच्या सुमारास दूध फसफसून पूर्वेच्या बाजूने उतू गेले, तशा त्यांनी हात जोडले. माझ्या मुलीला दूध मुद्दाम उतू घालवण्याचा हा सोहळा फारच आवडला. घरी त्यावरून बोलणी खावी लागतात, असे तिने त्यांना सांगूनही टाकले.

नंतर देवळात गेलो. प्रथेप्रमाणे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव. मग प्रदक्षिणेची वाट. ही प्रदक्षिणा देवळाभोवतीची नाही, तर डोंगराला वळसा घालून खडकांवरून, समुद्राच्या अगदी कडेने जाणारी आहे. आबांबरोबर आम्ही ती नेहमी सकाळी सातला करत असू, म्हणून मीही सर्वांना सातला उभे केले होते. पायऱ्यांवरून खाली पाहतो तो ज्या खडकांवरून चालायचे त्यांवर लाटा फुटत होत्या. तिथे बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आमच्याकडे पाहून शांतपणे सांगितले, "आता कुठे निघालात? साडेअकराला या."

मी आईकडे वळलो. ती म्हणाली, "आज सप्तमी. सात पाऊण सव्वापाच. सव्वापाचला भरती लागली, दोन तासांत पाणी उतरेल कसं?"

"तुला ठाऊक होतं?"

"तारखा ठरवताना मला कोणी तिथी विचारली का?"

मग त्या पायऱ्यांवर बसूनच, चाळीस-बेचाळीस वर्षांच्या सहलींचे आतले कामकाज आम्हाला पहिल्यांदा समजले. मुक्कामी गाड्यांवर असताना आबांना कोळ्यांनी भरतीचे गणित शिकवले होते : तिथीची पाऊणपट करावी, येईल ती भरतीची वेळ. अडचण एवढीच, की आबांना पाऊणकी येत नव्हती. आईला मात्र शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी सारे घोकून घेतलेले. त्यामुळे दरवर्षी दिनदर्शिका पुढ्यात घेऊन ती वेळा काढून देई आणि आबा त्याप्रमाणे कुठे किती वाजता पोहोचायचे ते बसवत. पौर्णिमेला निघायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला भरती दुपारी बाराच्या पुढे आणि ओहोटी सकाळी सहा-साडेसहाला. सातला उजेडात खडक मोकळे. आम्ही समजत होतो, की पौर्णिमा चांदण्यासाठी. तसे ते सांगतही असत. "चांदण्यात गाडी चालवायला दिवे लागत नाहीत, बॅटरी वाचते," हे त्यांचे कारण लहानपणी मला पूर्णपणे पटलेले होते.

कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने हे गणित ध्यानात ठेवावे. शुद्ध असो वा वद्य, अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळीही. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धापाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून त्यावर विसंबून एकट्याने खडकात उतरू नये आणि स्थानिकांना विचारल्याशिवाय तर मुळीच नये. हरिहरेश्वरच्या या वाटेवर लाटेने माणसे ओढून नेलेली आहेत. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची भरती उधाणाची, अष्टमीच्या आसपासची भांगाची. उधाणाला पाणी खूप चढते तसे ओहोटीला खूप उतरतेही. भांगाला दोन्ही बेताचे.

साडेअकराला पुन्हा गेलो. ऊन डोक्यावर होते आणि भांगाचे दिवस जवळ आल्यामुळे पाणी म्हणावे तितके मागे हटले नव्हते, पण वाट होती. गणेशगल्लीच्या अरुंद फटीतून पायऱ्या उतरताना आईने माझा हात धरला. खाली लाटांनी खाऊन जाळी पडलेले तांबूस खडक तसेच होते. एका विशिष्ट कातळापाशी आबा थांबत आणि "तपासणीस आलेत, तिकिटं दाखवा" म्हणत. मग खिसे चाचपण्याचा आणि तिकीट हरवल्याचा गोंधळ सुरू होई, ज्याचे हरवले असेल त्याला तिथेच दंडाचे गाणे म्हणावे लागे. त्या कातळापाशी ताई थांबली. तिने पर्स उघडून लग्नपत्रिकेचा एक पिवळट तुकडा काढला. त्यावर 'माहेरवाशीण, मोफत' एवढेच होते आणि कोपऱ्यात भोक. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या सहलीचे ते तिकीट तिने जपून ठेवले होते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. ती काही बोलली नाही, आम्हीही नाही.

दुपारी बागमांडल्याला फेरीबोटीसाठी दीड तास रांगेत काढला. जोडून आलेल्या सुट्टीत हे धरून चालावे. सावित्री ओलांडली, की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो. बोट मधोमध आली, की आबा मुलांना घड्याळ काढायला सांगत आणि "रत्नागिरीत पाच मिनिटं पुढे" म्हणून सर्वांकडून काटे फिरवून घेत. मी नववीत जाईपर्यंत काटे फिरवत होतो. वेसवीहून आंजर्ल्याला पोहोचेपर्यंत अंधार पडला. कुळथाचे पिठले आणि तांदळाची भाकरी खाऊन लगेच झोपलो.

तिसरा दिवस, सोमवार : आंजर्ले, हर्णै

सकाळी गावातल्या मुलांची प्रभातफेरी खिडकीखालून गेली. कड्यावरच्या गणपतीला गेलो, तेव्हा गणेशजयंतीला चारच दिवस झाले होते. उजव्या सोंडेची ही मूर्ती, देवळापुढचे तळे आणि वरून दिसणारा सुवर्णदुर्ग हे सारे सकाळच्या कोवळ्या उन्हातच पाहावे. दहानंतर फरशी तापते आणि अनवाणी पाय पोळतात.

हर्णैच्या बंदरावर मात्र संध्याकाळी जावे. चारनंतर होड्या किनाऱ्याला लागू लागतात, टोपल्या वाळूवर उतरतात आणि लिलाव सुरू होतो. बोली इतक्या वेगाने चढते, की नवख्याला माल कोणाला आणि कितीला गेला हेही कळत नाही. किरकोळ घेणाऱ्याने लिलावात तोंड घालू नये, बाजूला बसलेल्या बायकांकडून घ्यावे. आम्ही ज्यांच्याकडून नेहमी घेतो त्या मावशींनी आईला लांबूनच ओळखले आणि तिच्या मागे पाहत विचारले, "कंडक्टर कुठाय?"

आईने सांगितले. मावशींच्या हातातला सुरमईचा तुकडा तसाच राहिला. मग त्या सांगू लागल्या. त्या काळी सकाळच्या गाडीला मासळीच्या पाट्या घेऊन बायका चढू लागल्या, की उतारू कुरकुर करत, वासावरून भांडत. आबा पाट्या टपावर चढवून घेत, लगेजचे पैसे न चुकता लावत, त्यात एका पैशाची सूट नाही. पण दापोलीला गाडी लागली, की शिडीवरून पाटी स्वतः उतरवून बाईच्या डोक्यावर देत. "पैसे घ्यायचा, पण हात लावायचा," एवढेच त्या म्हणाल्या. दुसरे कंडक्टर हात लावत नसत, हे त्यातच आले. सुरमईचा भाव त्यांनीही एका रुपयाने कमी केला नाही. आबांना हा व्यवहार आवडला असता.

चौथा दिवस, मंगळवार : दाभोळमार्गे हेदवी

दाभोळला बोटीत चढण्याआधी चंडिकादेवीचे देऊळ चुकवू नये. कातळात कोरलेल्या गुहेत, समयांच्या उजेडात भिंतीला हात लावून आत जावे लागते. डोळे सरावेपर्यंत काहीच दिसत नाही. इथे आबाही गप्प असत, आणि तेवढ्यासाठी मुलांना ही जागा भीतीची वाटे. धोपाव्याला उतरून गुहागरला व्याडेश्वराचे दर्शन घेतले आणि दुपार सुरूच्या सावलीत काढून संध्याकाळी हेदवीला मुक्कामाला आलो.

रात्री पडवीत गप्पा निघाल्या. आबा म्हणजे नुसती मौज, असे चित्र उभे राहू नये म्हणून लिहितो, की त्यांच्यावर माझा राग होता. सातवीत असताना मी लक्ष्मीपूजनाच्या रात्री स्वारगेटला एकटा चालत गेलो होतो, वडिलांना घरी आणायला. तोबा गर्दीत ते गाडीच्या दारात लोंबकळत लोकांना आत ढकलत होते, हसत होते, कोणाला तरी चिडवत होते. मला पाहून त्यांनी गाडीतून एका उतारूने दिलेली चकली माझ्या हातात ठेवली, "घरी जा, आई वाट बघते," म्हणाले आणि डबल बेल मारली. लोकांसाठी एवढे हसू आहे आणि आमच्यासाठी वेळ नाही, हे मी फार वर्षे मनात धरले. ते ऐकून आई म्हणाली, "त्रिपुरीच्या रजेचा अर्ज ते श्रावणातच टाकायचे. त्यासाठी दिवाळीच्या चारही ड्यूट्या स्वतःहून मागून घ्यायचे, म्हणजे नंतर साहेबाला नाही म्हणता येऊ नये." मला हे पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

पाचवा दिवस, बुधवार : बामणघळ

हेदवीच्या किनाऱ्याला उमामहेश्वराच्या देवळापलीकडे काळ्या कातळात एक अरुंद, खोल घळ आहे. भरतीची लाट तिच्यात कोंडली, की पाण्याचा लोट कित्येक फूट उंच उसळतो. आबांचा सगळ्यात मोठा खेळ इथला. सहलीच्या चौथ्या दिवशी, म्हणजे तृतीयेला, दुपारी सव्वादोनच्या सुमारास ते आम्हाला घळीपासून चांगले दूर उभे करत, स्वतः समुद्राकडे पाठ करून गंभीर चेहऱ्याने थांबत आणि अचानक तोंडाने "टण् टण्!" अशी डबल बेल देत. त्याच क्षणी पाणी उसळे. समुद्र आबांचे ऐकतो, याविषयी आम्हा भावंडांच्या आणि पुढे नातवंडांच्या मनात शंका नव्हती.

"पाठ वळवायच्या आधी ते लाटा मोजत," आई वाटेत म्हणाली. "आणि मी समोर उभी असायचे ना. मोठी लाट आत शिरली, की मी पदर खांद्यावर घ्यायचे."

ताई आणि मी एकमेकांकडे पाहतच राहिलो.

दशमी होती. दहा पाऊण साडेसात. या खेपेला आम्ही सातलाच तिथे पोहोचलो. कातळावर शेवाळ असते, चपला कितीही चांगल्या असल्या तरी घळीच्या तोंडाशी जाऊ नये. आम्ही जुन्या जागीच उभे राहिलो. मुलीने पुढे होऊन समुद्राकडे पाठ केली. आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. एक लाट गेली, दुसरी गेली, तिसरी जरा बरी दिसली तसा आईने पदर खांद्यावर घेतला आणि मुलगी ओरडली, "टण् टण्!"

घळीतून गुडगुडल्यासारखा आवाज आला आणि जेमतेम गुडघाभर पाणी वर येऊन खाली बसले.

मुलीने मागे वळून पाहिले. "एवढंच?"

"भांगाचं पाणी आहे," आई म्हणाली. "ह्यांनी आज आणलंच नसतं तुम्हाला इथं."

धाकटा म्हणाला, आणखी एकदा करू. मग आई पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली. असे पाच वेळा झाले आणि पाचव्या वेळी पाणी मुलीच्या कमरेएवढे उसळले. परतीला चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज या रस्त्याने पुण्याला पोहोचायला रात्र झाली. घाट चढत असताना आईने पिशवीतून दिनदर्शिका काढून त्रिपुरी पौर्णिमा कोणत्या वारी येते ते पाहिले आणि मला रजेचा अर्ज कधी टाकावा लागेल, असे विचारले.